विजेच्या गाडीची परीक्षा

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांचे चेहरे कसे उतरतात, हें आम्ही दर वर्षीं पाहतों. त्या वेळीं त्यांस असें वाटत असावें कीं, या जगांत परीक्षेचें संकट केवळ मुलांवरच येतें. पण तसें नाहीं. सोन्यास कसोटी आहे, दुधास लॅक्टोमीटर आहे, पुलास भाराची परीक्षा आहे. आणि रस्त्यावर येऊं पाहणाऱ्या प्रत्येक नव्या तऱ्हेच्या मोटारीस सरकारमान्य संस्थेपुढें परीक्षेस बसावें लागतें. विजेच्या गाड्या आतां आपल्या भंडारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतही दिसूं लागल्या आहेत. तेव्हां त्यांची व त्यांच्या बॅटरीची परीक्षा कोण घेतें, कशी घेतें, आणि त्या परीक्षेंत निघालेल्या आंकड्यावर आपण किती विसंबावें, याविषयीं चार शब्द आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो एका प्रसंगामुळें. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील लाखनीच्या बाजूच्या एका खेड्यांतून रोज भंडाऱ्यास दूध घालतात. पेट्रोलचा खर्च वांचावा म्हणून त्यांनीं कर्ज काढून विजेची स्कूटर घेतली. विक्रेत्यानें दिलेल्या कागदावर ‘एका चार्जिंगमध्यें १०० किलोमीटर’ असें छापलेलें होतें. जाऊन येऊन व घरोघर दूध वाटून त्यांचा रोजचा फेरा सुमारें ७० किलोमीटरांचा. तेव्हां शंभराचा आंकडा पाहून ते निश्चिंत होते. पहिलें वर्ष सुरळीत गेलें. पुढें उन्हाळा आला, आणि सुटीच्या एका दिवशीं भर दुपारीं, घर आठ किलोमीटर राहिलें असतां, लाखनीच्या अलीकडे महामार्गावर गाडी थबकली. बापलेकांनीं ती मे महिन्याच्या उन्हांत घरापर्यंत ढकलीत नेली. शाळा उघडल्यावर मुलानें आम्हांस विचारलें, “सर, कागदावर तर शंभर लिहिलें होतें. मग सरकारनें ती गाडी तपासली नव्हती काय? कीं तपासणारेच खोटे?”

प्रश्न रास्त होता. त्या वेळीं आम्हीं त्यास जें उत्तर दिलें, तेंच येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

प्रथम बॅटरी म्हणजे काय तें पाहूं. बॅटरी हें विजेचें कोठार होय, असें लोक म्हणतात. वस्तुतः तिच्यांत वीज भरून ठेवलेली नसते. रासायनिक शक्ति भरून ठेवलेली असते, आणि मागणी होतांच तिचें विजेंत रूपांतर होतें. या विद्येशीं आपल्या जिल्ह्याचा जुना संबंध आहे. तुमसर तालुक्यांतील डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणींत मँगनीज डायऑक्साइडचें जें काळें खनिज निघतें, तें टॉर्चमध्यें घालावयाचे सुके सेल बनविणाऱ्या कारखान्यांस उपयोगी पडतें. विजेच्या साहाय्यानें अधिक शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही मॉइल या सरकारी कंपनीनें तेथें उभारला. लिथियम बॅटरीच्या कांहीं जातींतही मँगनीज असतें. म्हणजे ज्या काळ्या दगडांवरून आमचीं मुलें खेळतांना उड्या मारतात, तेच दगड या शास्त्राचे एक मूळ द्रव्य होत.

बॅटरींत किती पुंजी आहे हें काढणें सोपें आहे. तिजवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला म्हणजे वॉट-तास निघतात. आणि १००० वॉट-तास म्हणजे घरच्या मीटरवरील एक युनिट. समजा, एका स्कूटरच्या बॅटरीवर ४८ व्होल्ट व ४० अँपिअर-तास असें लिहिलें आहे. गुणाकार १९२० वॉट-तास, म्हणजे दोन युनिटांहून थोडा कमी. आतां गाडीस दर किलोमीटरास १९ वॉट-तास लागले, तर ही पुंजी १०० किलोमीटर पुरेल. परंतु ३० वॉट-तास लागूं लागले, तर तीच पुंजी ६४ किलोमीटरांत संपेल. पुंजी तीच, खर्च निराळा. सर्व वाद येथूनच उत्पन्न होतो.

पेट्रोलच्या गाडीविषयीं एवढी चिंता कोणी करीत नाहीं, कारण एक किलो पेट्रोलांत सुमारें १२,००० वॉट-तास इतकी उष्णता असते. एंजिन तींतील बराच भाग वायां घालवितें, तरी उरतें तें पुष्कळ असतें. शिशाच्या बॅटरींत मात्र दर किलोस ३० ते ४० वॉट-तासच मावतात. आजच्या लिथियम सेलांत १५० ते २५० मावतात. ज्याची मिळकत मोठी त्यानें दोन पैसे इकडेतिकडे केले तरी चालतें. ज्याची मिळकत तुटपुंजी त्यास प्रत्येक पैशाचा हिशेब ठेवावा लागतो. विजेच्या गाडीची परीक्षा म्हणजे हाच हिशेब होय.

हा हिशेब नीट न ठेवल्यानें विजेच्या गाडीचें पूर्वीं पुष्कळ नुकसान झालें आहे. शिशाची पुन्हा पुन्हा भरतां येणारी बॅटरी फ्रान्समध्यें गास्तों प्लान्ते यानें १८५९ सालीं शोधून काढली. पुढें ४० वर्षांनीं, २९ एप्रिल १८९९ रोजीं, कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें पॅरिसजवळ विजेची गाडी ताशीं १०५ किलोमीटरांहून अधिक वेगानें हांकली. रस्त्यावरील कोणत्याही गाडीनें ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा ओलांडल्याचा तो पहिलाच प्रसंग. परंतु तो वेग क्षणभराचा होता. रोजच्या व्यवहारांत ‘किती वेगानें’ यापेक्षां ‘किती दूर’ हा प्रश्न मोठा ठरला, आणि त्यांत पेट्रोलनें बाजी मारली.

१९७३ सालीं जगांत तेलाची टंचाई झाली, तेव्हां लोकांस विजेच्या गाडीची पुन्हा आठवण झाली. १९७६ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें विजेच्या गाड्यांच्या संशोधनाविषयीं कायदा केला. अध्यक्ष फोर्ड यांनीं तो नाकारला असतांही काँग्रेसनें तो पुन्हा मंजूर केला. त्या कायद्यान्वयें सरकारनें पहिलें काम कोणतें केलें? नवी गाडी बांधली नाहीं; बाजारांत ज्या होत्या त्यांचीच परीक्षा घेतली. नासा या संस्थेच्या लुईस संशोधन केंद्रानें निरनिराळ्या कारखान्यांच्या गाड्या बंद मार्गावर धांवविल्या. प्रथम एकसारख्या वेगानें, आणि नंतर ठरावीक रीतीनें थांबत, पुन्हा वेग घेत. एकसारख्या वेगाच्या मानानें थांबत-थांबत जातांना पल्ला बराच कमी भरतो, हें त्या परीक्षेंत आंकड्यांनिशीं दिसून आलें. तिकडे शिकागोजवळील आर्गन येथील सरकारी प्रयोगशाळेंत बॅटऱ्या सुट्या काढून त्यांची परीक्षा चालू झाली. बॅटरी पुन्हा पुन्हा भरावयाची, पुन्हा पुन्हा रिकामी करावयाची, आणि तिची शक्ति किती फेऱ्यांनंतर उतरते हें पाहावयाचें. बॅटरीची धारणाशक्ति मूळच्या ८० टक्क्यांवर आली म्हणजे गाडीच्या कामापुरतें तिचें आयुष्य संपलें, असें समजण्याची चाल आजही आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. पुण्यास कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या नांवाची संस्था आहे. मोटार कारखानदारांनीं भारत सरकारच्या साहाय्यानें ती १९६६ सालीं स्थापिली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील १२६ व्या नियमाप्रमाणें प्रत्येक नव्या तऱ्हेच्या गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची ही संस्था, पुण्याचीच सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, या त्यांपैकीं आपल्या महाराष्ट्रांतील होत. १९९९ सालीं महिंद्र कंपनीनें बिजली नांवाची तीन चाकी विजेची गाडी काढली. २००१ सालीं बंगळूरची रेवा ही छोटी मोटार बाजारांत आली. रेवेंत सहा व्होल्टांच्या आठ शिशाच्या बॅटऱ्या होत्या आणि एका भरणींत ती सुमारें ८० किलोमीटर जाते असें सांगत. अशा गाड्या आल्या तेव्हां पेट्रोलच्या गाडीची फूटपट्टी त्यांस लावून चालेना. म्हणून विजेच्या गाड्यांसाठीं निराळीं मानकें तयार झालीं. विजेचा खर्च मोजण्यास ए.आय.एस. ०३९, पल्ला मोजण्यास ०४०, मोटारीची ताकद मोजण्यास ०४१, अशीं त्यांचीं नांवें आहेत.

पल्ल्याची परीक्षा कशी होते तें ऐका. गाडी रस्त्यावर नेत नाहींत. प्रयोगशाळेंत जमिनींत मोठे रूळ बसविलेले असतात. त्यांवर गाडीचें चाक ठेवतात. चाक फिरलें म्हणजे रूळ फिरतो आणि गाडी जागच्या जागींच ‘धांवते’. वाऱ्याचा व रस्त्याचा जो अडथळा व्हावयाचा, तितकाच अडथळा यंत्र त्या रुळास करतें. बॅटरी पूर्ण भरलेली असते. स्वारासमोर पडद्यावर वेगाची रेघ उमटते, आणि त्यानें गाडी त्या रेघेबरहुकूम चालवावयाची असते. दोन व तीन चाकी गाड्यांसाठीं हा पाठ १०८ सेकंदांचा आहे. थोडें थांबावयाचें, वेग घ्यावयाचा, स्थिर चालावयाचें, वेग कमी करावयाचा; त्यांत अंतर ६५८ मीटर, सर्वांत जास्त वेग ताशीं ४२ किलोमीटर, सरासरी वेग ताशीं सुमारें २२ किलोमीटर. यास भारतीय चालन-चक्र म्हणतात, जाहिरातींत ‘आय.डी.सी. पल्ला’ असा जो शब्द येतो तो यावरूनच. हा पाठ पुन्हा पुन्हा गिरवीत जावयाचें. गाडीस ती रेघ गांठतां येईनाशी झाली कीं परीक्षा संपली. तोंपर्यंत जितके किलोमीटर झाले तो तिचा पल्ला. नंतर बॅटरी पुन्हा भरतात, आणि भिंतींतील प्लगमधून किती वीज घेतली तें मोजतात. बॅटरी भरतांना कांहीं वीज उष्णतेच्या रूपानें वायां जाते. ग्राहकास बिल तर तिचेंही भरावें लागतें. म्हणून मोजणी प्लगपाशीं करतात, हें न्यायाचेंच झालें.

ही परीक्षा घरांत घेतात, खऱ्या रस्त्यावर कां घेत नाहींत, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, आज वारा आहे, उद्यां नाहीं. एक स्वार जाड, दुसरा बारीक. एका रस्त्यास चढ, दुसऱ्यास उतार. अशा स्थितींत दोन गाड्यांची तुलना होणार कशी? सर्व विद्यार्थ्यांस एकच प्रश्नपत्रिका द्यावी लागते, तसाच हा प्रकार. मात्र विद्यार्थी त्या प्रश्नपत्रिकेंत पहिला आला म्हणून तो शेतांत नांगर उत्तम धरील असें सिद्ध होत नाहीं.

आतां दूधवाल्या गृहस्थांच्या शंभर किलोमीटरांकडे पाहूं. परीक्षेंत स्वाराचें वजन सुमारें ७५ किलो धरतात. हे गृहस्थ दुधाच्या २० लिटरांच्या दोन कॅन घेऊन निघत. दूध व कॅन मिळून ५० किलोंचा बोजा वर चढला. परीक्षेंतील वेग ४२ च्या पुढें जात नाहीं. महामार्गावर मागून ट्रक भोंगा वाजवीत असतां ४० नें कोण जातो? हे ६० नें जात. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ६० स ४२ नें भागून वर्ग केला तर उत्तर दोहोंच्या किंचित् वर येतें. म्हणजे वाऱ्याशीं झुंजण्याचा खर्च दुप्पट झाला. परीक्षेची हवा साधारणतः २० ते ३० अंशांची आणि बॅटरी नवी. यांची बॅटरी वर्षभर वापरलेली, आणि चार्जिंग उन्हांत तापलेल्या गाडीचें. उष्णतेनें त्या दिवसाचा पल्ला फारसा घटत नाहीं. घटतें तें बॅटरीचें आयुष्य, आणि तें हळूहळू, कोणाच्या लक्षांत न येतां. या सर्व गोष्टी एकत्र आल्या, तेव्हां शंभराचे बासष्ट झाले. शंभर हा आंकडा खोटा नव्हता. परंतु तो दुसऱ्याच प्रश्नाचें उत्तर होता.

बॅटरीचा आणखी एक गुण शेतकऱ्यांस चटकन कळेल. उन्हाळ्यांत विहिरीवर लहान पंप लावला तर तो दिवसभर पाणी देतो. मोठा पंप लावला तर तासाभरांत विहीर उपसते, आणि झऱ्यांनीं पुन्हा भरेपर्यंत थांबावें लागतें. शिशाच्या बॅटरीचें तसेंच आहे. २० तासांत सावकाश घेतल्यास ती जितके अँपिअर-तास देते, तितके तासाभरांत घाईनें घेतल्यास देत नाहीं; कित्येकदां अर्ध्याच्या आसपासच देते. म्हणून बॅटरीवरील आंकडा किती तासांच्या हिशेबानें लिहिला आहे, हें पाहणें अगत्याचें असतें. लिथियम बॅटरींत हा दोष पुष्कळ कमी आहे. पण तिची दुसरी परीक्षा अधिक कठीण आहे.

ती परीक्षा म्हणजे सुरक्षिततेची. २०२२ च्या उन्हाळ्यांत देशांत ठिकठिकाणीं, पुण्यांतसुद्धां, विजेच्या स्कूटरींनीं पेट घेतला आणि कांहीं माणसें प्राणांस मुकलीं. केंद्र सरकारनें तज्ज्ञांची समिति नेमली, आणि ए.आय.एस. १५६ व ०३८ हीं मानकें अधिक कडक केलीं. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून व दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. या परीक्षेंत बॅटरीस हादरे देतात, तिचीं दोन टोकें मुद्दाम जोडतात, प्रमाणाबाहेर भरून पाहतात, तापवितात. काढतां येणारी बॅटरी एक मीटर उंचीवरून फरशीवर टाकतात. सर्वांत महत्त्वाची कसोटी अशी कीं, अनेक सेलांपैकीं एक सेल मुद्दाम बिघडवून तापवितात आणि त्याची आग शेजारच्या सेलांस लागून सर्व बॅटरी पेटते काय, हें पाहतात. बॅटरींत उष्णता मोजणारीं साधनें, बिघाड होतांच इशारा देणारी योजना, पाणी आंत न शिरण्याची तजवीज, हींही आतां आवश्यक आहेत. हे नियम माणसांच्या जिवांची किंमत देऊन झाले आहेत, हें विसरूं नये.

येथें पालकांस एक विनंती. मोटारीची ताकद पाव किलोवॉटहून कमी व वेग ताशीं २५ किलोमीटरांहून कमी असलेल्या गाडीस नोंदणी लागत नाहीं, म्हणून अशी गाडी मुलास शाळेंत जाण्यासाठीं घेऊन देण्याची चाल वाढत आहे. परंतु ती त्या मर्यादेंत आहे असेंही मान्यताप्राप्त संस्थेनें प्रमाणित केलेलें असावें लागतें. विक्रेत्याजवळ तें प्रमाणपत्र मागावें. “हा स्क्रू फिरविला कीं पन्नासनें पळते” असें जो सांगतो, तो तुम्हांस परीक्षेंत नापास झालेली गाडी विकीत आहे असें समजून दुकानाबाहेर पडावें.

परीक्षा सरकारनें घेतली म्हणून आपलें काम संपत नाहीं. आमच्या शेजारच्या नागपुरांत २६ मे २०१७ रोजीं विजेच्या टॅक्सी, रिक्षा व बस यांचा मोठा प्रयोग सुरू झाला. त्या गाड्या परीक्षा उतरलेल्याच होत्या. तरी चार्जिंगसाठीं तासन्‌तास रांगेंत उभें राहावें लागल्यानें कित्येक चालक पुढील वर्षीं कुरकुर करूं लागले. रांगेंत गेलेला वेळ कोणत्याही रुळावर मोजतां येत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच आधीं मोजावा.

म्हणून आमची सूचना अशी. गाडी घरीं आल्यावर पहिल्या आठवड्यांत आपली परीक्षा आपणच घ्यावी. नेहमीचा रस्ता, नेहमीचा बोजा, नेहमीचा वेग. निघतांना व परततांना किलोमीटर लिहून ठेवावे, प्लगपाशीं लहान मीटर लावून युनिट लिहावे, भागाकार करावा. जो पल्ला येईल त्याचे चार भाग करून तीनच वापरावे, चौथा अडीनडीसाठीं ठेवावा. दर तीन महिन्यांनीं हीच मोजणी पुन्हा करावी, म्हणजे बॅटरी किती उतरली हें ती रस्त्यांत सांगण्यापूर्वीं वही सांगेल. उन्हांतून आणलेली गाडी लगेच चार्जिंगला लावूं नये. सावलींत निवूं द्यावी. चार्जर कारखान्यानें दिलेलाच वापरावा. इयत्ता आठवीच्या मुलास यांतील कोणतीही गोष्ट अवघड नाहीं.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें अशी वही घातली आहे. बोजा घेऊन ताशीं ६० नें जातां किती वॉट-तास लागतात आणि ४५ नें जातां किती, याचे दोन रकाने त्यानें आंखले. आणि दुसरा रकाना पाहून त्याच्या वडिलांनीं आपला वेग आपण होऊन उतरविला. भंडाऱ्यांतील एका गिऱ्हाइकाकडे दुपारीं सावलींत दीड-दोन तास गाडी लावण्याची सोयही त्यांनीं करून घेतली. तेव्हांपासून गाडी ढकलण्याचा प्रसंग आला नाहीं. कर्जाचे हप्ते वेळेवर जात आहेत. आणि गणितांत नेहमी मागें राहणारा तो मुलगा आतां भागाकार करतांना बोटें मोजीत नाहीं, हें आम्हीं परवां त्याच्या वहीवरून सही करतांना पाहिलें.